शांततेचं तिकीट

मुलंबाळं नसलेली क्रूझ हवी? मग आधी ठरवा, शांतता किती वयाची हवी. व्हर्जिन व्हॉयेजेसला १८ वर्षं पुरतात. तिथे बुफे नाही, पण बोटीवरच टॅटूचं दुकान आहे. पोरं आणायची नाहीत, पोरकटपणा चालेल. वायकिंगलाही १८च, मात्र कॅसिनो नाही, व्याख्यानं आहेत. वसंत व्याख्यानमालेत डुलक्या काढलेल्या पुणेकराने त्यासाठी डॉलर मोजावेत म्हणे! ब्रिटिशांची ‘सागा’ ५० पूर्ण असल्याशिवाय घेत नाही, सोबत्याला तेवढी ४०ची सवलत. आणि मुलंही चालणाऱ्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या बोटीवर तर ७ तरणतलाव, ६ घसरगुंड्या आणि हजारो माणसं. त्यात मोठ्यांसाठी राखलेला कोपरा शोधून गाठलात, तर तिथे डीजे.