मित्रांच्या आग्रहाखातर
आत्मचरित्रांच्या प्रस्तावनांत एकमत असतं: लिहायचं मनात नव्हतं, पण मित्रांनी पिच्छाच पुरवला. हे मित्र प्रकाशनाला पुढच्या रांगेत बसतात, ‘सप्रेम भेट’ घेतात आणि आपला उल्लेख कोणत्या पानावर आहे तेवढं पाहून घेतात. खरं कारण बहुधा निराळं असतं. निवृत्तीनंतर फोन येईनासे होतात, घरचे ऐकेनासे होतात. आणि ज्या साहेबानं बढती अडवली, तो एव्हाना उत्तर देण्याच्या पलीकडे गेलेला असतो. अशा माणसाशी भांडण जिंकायला साडेतीनशे पानं पुरतात. गरिबीचं प्रकरण हटकून लांबलचक. बंगला मात्र एका ओळीत उभा राहतो, तोही ‘दरम्यान’ म्हणत. अर्पणपत्रिका पत्नीला. (तिनंच लिहायला घेतलं तर काय होतं, हे १९९० साली ‘आहे मनोहर तरी’नं दाखवलं, तेव्हापासून नवरे जरा घाईनं लिहीत असावेत.)

धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ आलं १९१५ मध्ये आणि महिला विद्यापीठ त्यांनी काढलं १९१६ मध्ये! पुढे १९६२ पर्यंत ते जगले. हा क्रम बाकीच्यांनी उचलला असता, तर दुसऱ्या आवृत्तीत घालायला काही मजकूर तरी मिळाला असता.