सांगलीचं बटण, साताऱ्याचं बटण

बाजारातल्या तयार वस्तूवर काडीचा विश्वास नसलेले एक अण्णा प्रत्येक गल्लीत असतात. आमचे सांगलीच्या विश्रामबागेतले. रिटायर झाल्यापासून ते चार्जर करतायत. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मल्टिमीटर. कुणाकडेही गेले की आधी इन्व्हर्टरला हात, मग चहाला. लेकीसाठी साताऱ्याला स्थळ बघायला गेले, तर मुलाचा पगार विचारायच्या आत बॅटरीला वायरी लावून मोकळे. "लाइट असताना 12.9? उपाशी ठेवलीय हो तुम्ही हिला!" तरी लग्न जमलं, हा सातारकरांचा मोठेपणा.

मध्ये तासगावचा एक बागाईतदार फवारणी पंपाची बॅटरी घेऊन आला. 12 व्होल्ट, 8 अँपिअर-अवर, चार्जर जळालेला. "अण्णा, द्राक्षावर डावणी आलीय. सकाळी औषध मारायचंय."

अण्णांनी त्याला बसवून घेतलं. "रिकाम्या बॅटरीला करंट मोजून द्यायचा. आठाचा दहावा हिस्सा. एलएम 317 घ्यायची, दीड ओहमचा रेझिस्टर लावायचा, की करंट 0.83 अँपिअरवर बांधला. व्होल्टेज चढत 14.4 ला आलं की मग ते धरून ठेवायचं आणि करंटला आपला आपण उतरू द्यायचं."

"पण कधी मिळंल?"

"शेवटचा टप्पा घाईनं होत नसतो."

बागाईतदार कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार चार्जर घेऊन गेला. अण्णा त्याच्या पाठीला फ्लोट व्होल्टेज समजावत राहिले.

मग घोडं अडलं ते हवेपाशी. 14.4 हा आकडा 25 अंशांचा. बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टेज पुरतं, दर अंशाला सुमारे 24 मिलिव्होल्टनं. म्हणजे सांगलीत एप्रिलमध्ये पारा 40 ला गेला की 14.04, सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरी डिसेंबरात 10 अंश धरले, तर 14.76. एक थर्मिस्टर लावला की हे आपोआप होतं. पण आपोआप होणारी गोष्ट अण्णांना पटेल तर ना! त्यांनी पुढच्या पत्र्यावर बटण बसवलं आणि सुबक अक्षरांत लिहिलं: खाली 'सांगली', वर 'सातारा'.

दिवाळीला व्याही आले. अण्णांनी थाटात चार्जर पुढं ठेवला. विहीणबाईंनी बटण खालीवर करून पाहिलं. त्यांचं माहेर कऱ्हाडचं.

"आणि कऱ्हाडला हो?"

फराळाचं ताट तसंच टाकून अण्णा डिसमिस शोधायला उठले.