बॉडी पडते, भिंग टिकतं

लग्नसराई तोंडावर आली की नगरच्या फोटोवाल्यांना नवरीपेक्षा कॅमेऱ्याच्या वयाची काळजी जास्त. बुकिंगला आलेला वरपिता आधी विचारतो, "मिररलेस आहे ना?" आतला आरसा गेल्याने त्याच्या पोराच्या तोंडावर नेमका काय फरक पडणार, हे त्याला ठाऊक नसतं, पण शेजारच्या लग्नात आरसा गेलेला होता, एवढं पुरे.

मग आरशाचा कॅमेरा बाद. त्यापेक्षा बाद झालेल्या रणगाड्यांचं बरं आहे. नगरच्या रणगाडा संग्रहालयात ते मानाने उभे असतात, लोक तिकीट काढून बघायला येतात. बाद कॅमेऱ्याला व्यापारी उलटापालटा करतो, आजवर किती फोटो मारले तो शटर काउंट बघतो आणि सोयरीक मोडायला आल्यासारखा चेहरा करतो.

भिंगाला मात्र किंमत राहते, असं म्हणतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालला, म्हणजे काकाची लेन्स पुतण्याच्या बॉडीवर बसायची. २०१८ मध्ये झेड माउंट आला. जुनी लेन्स अजूनही बसते, पण मध्ये अडॅप्टर विकत घ्यायचा. आणि त्यात मोटर नसल्याने जुन्या स्क्रू-ड्राइव्ह लेन्सचा फोकस हाताने फिरवायचा. नवरा-नवरी तेवढा वेळ हार धरून उभे राहतील, अशी कंपनीची समजूत दिसते.

यातूनही वाचलेली भिंगं भंडारदऱ्याच्या पावसाळी प्री-वेडिंगला जातात आणि बुरशी घेऊन परततात.

ट्रायपॉडचा भाव तेवढा शाबूत आहे. हल्ली त्यावर मोबाइल चढवतात आणि बिलात 'सिनेमॅटिक' लिहितात.