न मोडलेलं पातं

धाराशिव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एक चित्रकलेचे मास्तर असतातच. शाळेच्या हजेरीपटावर ते कलाशिक्षक, पण गावाच्या लेखी ते ‘देखावेवाले सर’. गणपतीत मखर त्यांचं, नवरात्रात कमान त्यांची, शिवजयंतीला चित्ररथ त्यांचा. आणि गॅदरिंगमध्ये आई तुळजाभवानी महाराजांना तलवार देते हा प्रवेश असायचाच, तेव्हा दरसाल एक नवी भवानी तलवारही त्यांनाच करावी लागते. जुनी तलवार मागच्या वर्षीच्या मावळ्यांनी पाठीत घालून घालून मोडलेली असते. नळदुर्गचा पाणी महाल इब्राहिम आदिलशहानं बांधला असं इतिहास सांगतो, पण तिथल्या नर-मादी धबधब्यांचा तो पांढराशुभ्र फेस बघता त्याच्या नजरेसमोर थर्माकोलच असावं असा मास्तरांचा दाट संशय आहे. परंड्याहून १६३२ साली विजापूरला नेलेली मलिक-ए-मैदान तोफ ५५ टनांच्या घरातली. मास्तरांची मलिक-ए-मैदान चौथीतला पोरगा एका काखेत मारून स्टेजवर आणतो, आणि दुसऱ्या हातानं घसरणारा फेटा सावरतो.

अशा माणसाला गाव चिक्कू म्हणतं, कारण एवढं सगळं तो बुटाच्या एका खोक्यात मावणाऱ्या हत्यारांवर करतो. माझं म्हणणं वेगळं आहे. मास्तर चिक्कू आहेत हे खरं, पण गाव बोट दाखवतं तिथे नाहीत. खोकं उघडून बघा. सायकलच्या ट्यूबची मूठ गुंडाळलेला हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा. लाकडी पट्टीवर चिकटवलेला ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर. स्वयंपाकघरातून परागंदा झालेली खोबऱ्याची किसणी, जिचा शोध घरी अजून चालू आहे. भोकं पाडायला उदबत्ती. देवघरात लावली तर भक्ती, थर्माकोलला लावली तर ड्रिल मशीन. आणि मधोमध ती धनुकली: वाकवलेल्या बांबूच्या कामटीला ताणून बांधलेली नायक्रोमची तार. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण चुकीचं काही नाही. थर्माकोल म्हणजे ९८ टक्के हवा. उरलेलं दोन टक्के पॉलिस्टायरिन पाणी उकळतं त्याच्या आसपासच्या उष्णतेला मऊ पडतं. हवा कापायला हजारो रुपये कशाला लागावेत? ०.३ मिलिमीटर जाडीची फूटभर नायक्रोम तार १२ व्होल्टवर साधारण अडीच अँपिअर घेते, आणि तेवढ्यात ती थर्माकोलमधून खव्यातून सुरी जावी तशी जाते. तार तापली की लांबते आणि सैल पडते. विकतच्या यंत्रात तो ताण धरायला स्प्रिंग असते, इथे कामटीचा बाक तेच काम फुकट करतो.

यावर सुशिक्षित मंडळी म्हणतात, विकतच्या मशीनला जी सफाई येते ती या धनुकलीला कुठून येणार? पण सफाई मशीनमध्ये नसते, ती उष्णता आणि वेग यांच्या जमण्यात असते. तार लाल दिसली की समजावं, जास्त झालं. ती कापत नाही, खात सुटते आणि रेघेच्या जागी घळ पडते. घाई केली तर उलट: दोन टोकं रेघेवरून चालतात आणि पोट मागं राहतं. मग वरून गोल आखलेलं चाक आतून डमरू निघतं. हे महागड्या तारेलाही चुकत नाही. हत्यारांची संख्या वाढवून कसब वाढतं म्हणावं, तर आपल्याच तेरच्या गोरोबाकाकांचं काय करायचं? त्यांनी एका थापटण्यावर मडकीही पारखली आणि संतांची डोकीही, आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं ते थापटणं स्वस्त होतं म्हणून नव्हे.

मग मास्तर चुकतात कुठे? कटरच्या पात्यात. अठरा मिलिमीटरच्या त्या पात्यावर कंपनीनं तिरप्या रेघा पाडलेल्या असतात त्या शोभेला नव्हे. टोक बोथट झालं की रेघेवर मोडून टाकायचं, नवं टोक पुढे. मास्तर मोडत नाहीत. ‘अजून चालतंय की’ म्हणतात, सिमेंटच्या पायरीवर दोनदा घासतात आणि पुढचं सहा महिने काढतात. धारदार पातं मेणबत्तीवर एकदा फिरवून, आडवं धरून, एका लांब ओढीत चालवलं तर थर्माकोलचा काप काचेसारखा पडतो. बोथट पातं कापत नाही, दाणे उचकटतं. वर्गभर साबुदाणा होतो, तो पँटला चिकटतो, झटकला तर हाताला चिकटतो, आणि सरस्वतीच्या वीणेला देवीचे व्रण पडतात. मग ती लपवायला पॉलिश पेपर, वर लांबी, वर रंग, वर अर्धी रात्र. पाच चहांच्या पैशात वाचवलेलं पातं मास्तरांचे दोन रविवार खातं. शिवाय हात कापतो तो बहुधा बोथट पात्यानंच, कारण त्यावर जोर द्यावा लागतो.

दुसरी कंजूषी मात्र हसण्यावारी न्यायची नाही. काही मास्तर ट्रान्सफॉर्मरचे पैसे वाचवायला शेगडीची कॉइल सरळ घरच्या लाइनवर लावतात. उघड्या तारेत २३० व्होल्ट, आणि आजूबाजूला सहावी ‘ब’. १२ व्होल्टचा, तीन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्यावाच, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि गादीच्या फोमला तापली तार लावूच नये. त्याचा धूर विषारी असतो. तो फोम लांब, धारदार सुरीनंच कापायचा.

राहता राहिला कायदा. मार्च २०१८ मध्ये राज्यानं थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, आणि त्या वर्षीच्या गणपतीपुरती सवलत मागायला गेलेल्यांना उच्च न्यायालयानं नाही म्हटलं. मास्तरांचा युक्तिवाद तयार असतो: ‘हे थर्माकोल नव्हे, फ्रिजच्या खोक्यातलं पॅकिंग आहे.’ युक्तिवाद चांगला आहे, पण पॅकिंगला मोर काढून रंगवला की ते पॅकिंग राहत नाही. तेव्हा मखराला पुठ्ठा आणि कापड, आणि ढाल-तलवारीला चपलेच्या तळव्याचा असतो तो ईव्हीए फोम, हाच सरळ रस्ता. आणि या रस्त्यावर धनुकली खोक्यातच राहते. ईव्हीए तारेनं नाही, पात्यानं कापायचा: पातं उभं धरून, एका दमात नाही तर दोन-तीन हलक्या फेऱ्यांत. तो पातं बोथटही लवकर करतो. म्हणजे मास्तरांना ज्याची चिक्कूगिरी, नेमकं तेच आता सगळ्यात जास्त लागणार.

तेव्हा यंदाच्या गॅदरिंगला सत्कारात त्यांना शाल-श्रीफळ देऊ नका. शाली त्यांच्याकडे अकरा आहेत. अठरा मिलिमीटरच्या पात्यांचं एक पाकीट द्या. आणि जुन्या पात्याचं टोक स्टेजवरच, सगळ्यांसमक्ष, त्यांच्याच हातानं मोडून घ्या.