वहिनींची थोरली, जपानवाली

अहो, ऐकलंत का? या, जरा कुंपणापाशी या, मोठ्यानं बोलायची सोय नाही. समोरच्या वहिनींच्या थोरलीला नोकरी लागली! हो हो, तीच, जपानवाली. सगळ्या आळीनं तिला मोडीत काढलं होतं ना... थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर मजा जाते.

तुम्हाला आठवतंय ना, एम.ए. झाली नि त्या 'जेट'मधून गेली. जपान सरकारचं १९८७ पासूनचं आहे ते, देशोदेशीची पोरं नेऊन शाळांमध्ये इंग्रजीला उभी करतात. वहिनींनी काय मिरवलं होतं तेव्हा! चैत्रातल्या हळदीकुंकवाला जाहीर केलं, 'पहिल्याच वर्षी ३३ लाख ६० हजार येन हो!' बायकांनी आ वासला. पण पलीकडच्या काकू बँकेतून रिटायर झालेल्या, त्यांना राहवतंय होय? फोन काढला, येनचे रुपये केले नि म्हणाल्या, 'अगं, हे वीसेक लाख झाले की! आणि खर्च जपानचा!' एवढं बोलून परत वाटली डाळ खायला लागल्या. वहिनींचा चेहरा असा काही उतरला... पन्ह्याचा पेला हातातच राहिला.

बरं, तिथं काम काय, तर असिस्टंट. वर्ग जपानी सरांचा. ही शेजारी उभी राहून वाक्य म्हणणार, पोरं मागून म्हणणार. 'आम्ही स्वतःलाच ह्यूमन टेपरेकॉर्डर म्हणायचो,' असं तीच हसत सांगत होती. दुपारी पोरांबरोबर वर्गातच जेवायचं, मग पोरंच शाळा झाडणार-पुसणार आणि ही पण फडकं घेऊन त्यांच्यात. इथं कधी केर काढताना पाहिलीत का हो तिला? जाऊ दे, लेक दुसऱ्याची.

तर काय सांगत होते... करार एकेक वर्षाचा, ताणून ताणून पाच वर्षं. पुढे टाटा! तशी ही आली परत. वहिनींना वाटलं, फॉरेन रिटर्न टीचर म्हटल्यावर शाळा पायघड्या घालतील. एका शाळेत गेली, नाव नको घ्यायला. मोठ्या बाईंनी फाइल चाळली, चष्म्यावरून बघितलं. 'बी.एड.?' नाही. 'टीईटी?' नाही. 'मग हा अनुभव धरायचा कशात?' संपला इंटरव्ह्यू. वहिनी बाहेर गाडीत बसलेल्या, त्यांना पोरीच्या चालण्यावरूनच कळलं म्हणे.

आळीत बातमी पोचायला कितीसा वेळ! काकू तर भाजीवाल्यासमोर म्हणाल्या, 'बी.एड.सुद्धा नाही आणि म्हणे शिक्षिका!' मी घरी येऊन सांगितलं, तर आमच्या ह्यांनी पेपरातनं डोकं न काढता ऐकवलं, 'त्या हॅरी पॉटरवालीचं तरी काय वेगळं झालं? पोर्तुगालला संध्याकाळी इंग्रजी शिकवायची, दिवसा लिहायची. स्कॉटलंडला परतल्यावर शाळेत शिकवायचं म्हणून १९९५ मध्ये तिलाही ट्रेनिंगला बसावं लागलंच.' म्हटलं, बरं, पण आपली थोरली पुस्तक नाही ना लिहीत!

आणि वहिनींच्या जावेचा मुलगा माहितीये ना, थायलंडवाला? तो तर तिथं इंग्रजी शिकवत इतकी वर्षं राहिला, पण सगळा वेळ फॉरेनर मित्रांत. थाई विचाराल तर रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापुरती. वर चीनच्या पोरांना ऑनलाइन शिकवायचा, म्हणजे दोन्हीकडून कमाई. मग २०२१ च्या जुलैत चीन सरकारनं खासगी शिकवण्यांवर वरवंटा फिरवला नि बाहेर बसलेल्या मास्तरांचे वर्गच गेले. आता इथं सॉफ्ट स्किल्स शिकवतो म्हणे. पगाराचा विषय काढला की जाऊबाई उठून चहा टाकायला जातात.

आपल्या थोरलीचं तसं नाही झालं, त्याला कारण तिचं जपानातलं गाव. शिमानेकडं कुठंसं, चारही बाजूंनी डोंगर नि भातखाचरं. इंग्रजी बोलणारं दुसरं माणूस नाही. कुठला कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, हे विचारायलासुद्धा जपानी लागायचं. पहिल्याच महिन्यात हिची पिशवी शेजारच्या आजींनी दारात परत आणून ठेवली, वर चिठ्ठी! मग त्याच आजींकडे रोज संध्याकाळी बसून शिकली. रडली म्हणे सुरुवातीला. पण दर वर्षी जपानी भाषेची परीक्षा देत देत एन-टू झाली. आणि हे एन-टू प्रकरण ना, पुण्यात त्याला काय भाव आहे विचारा कुणालाही.

चाकणकडच्या कंपनीत इंटरव्ह्यूला समोर दोन जपानी साहेब. विचारलं, शाळेत काय शिकलीस? ही म्हणाली, 'स्टाफरूममध्ये मी नवीन काही सुचवलं की आमचे उपमुख्याध्यापक दातांतून हवा ओढून घ्यायचे नि गप्प बसायचे. ते नाही म्हणतायत, हे कळायला मला एक टर्म लागली.' साहेब असे खो-खो हसले! तिथल्या तिथे ठरलं, त्यांचे इंजिनिअर नि आपले इंजिनिअर यांच्यामध्ये बसायचं, दुभाषी म्हणून. इंग्रजीबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही. पाच वर्षं ज्याच्यासाठी नेली होती, ते राहिलं बाजूलाच!

आकडा? वहिनी सांगत नाहीयेत. ह्या खेपेला शहाण्या झाल्यात.

आता खरी गंमत ऐका. काकूंनी नातवाला रानडे इन्स्टिट्यूटचा फॉर्म आणलाय, जपानीचा. डिसेंबरात एन-फाइव्ह द्यायचीच म्हणतात. आणि काल संध्याकाळी, मी ह्या जास्वंदीला पाणी घालत होते म्हणून ऐकू आलं हं, फाटकात थोरलीला गाठून इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, 'बाळा, आमच्या बंड्याची जरा तयारी करून घेशील का गं?'

थोरली म्हणाली, 'घेईन की काकू. पण माझं बी.एड. नाही हं झालेलं. चालेल ना?'