धोडपची लढाई आणि एसजीपीटी

कावीळ झालेल्याला सगळे पिवळे दिसते असे म्हणतात. कळमनुरीसारख्या हळदीच्या तालुक्यात मात्र ऐन हंगामात ठणठणीत माणसालाही तसेच दिसते, आणि हळद शिजवून आलेल्याच्या पिवळ्या तळव्यांवरून निदान करू नये एवढे शहाणपण तेथे कोणाजवळही असते. म्हणून निवाडा अखेर पॅथॉलॉजी लॅबमधील यंत्राकडे जातो, जे एसजीपीटी मोजताना पिवळ्या रंगाकडे ढुंकूनही पाहत नाही.

एसजीपीटी हे यकृतातील विकर, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्याने घडवणारे प्रथिन होय. पेशी दुखावल्या की ते रक्तात सांडते, आणि ते किती आहे यापेक्षा किती काम करते हे मोजण्याची रीत आहे (माणसांना हा निकष सहसा लावत नाहीत). हे काम डोळ्यांना दिसत नसल्याने त्याच्यामागे दुसरी क्रिया जुंपतात: एसजीपीटी अॅलानिनपासून पायरुवेट बनवते, आणि किटमधील दुसरे विकर त्याचे लॅक्टेट करताना एनएडीएच हे सहविकर खर्च करते. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषते, खर्चल्यावर शोषत नाही. त्यामुळे शोषणांक (दहावा हिस्सा प्रकाश पार झाला तर १, शंभरावा झाला तर २, अशी ही उफराटी मोजपट्टी) मिनिटागणिक घसरतो. सीरम पिवळेजर्द असले तरी तो रंग तेवढ्यात बदलत नाही, म्हणून वजाबाकीत निघून जातो.

या घसरणीला १७६८ ने गुणले की दर लिटरमागील एकके मिळतात. इतिहासप्रेमी वाचकाला येथे १७६८ सालची धोडपची लढाई आणि तीतील राघोबादादांचा पराभव आठवणे स्वाभाविक असले, तरी यकृताचा त्यात हात नाही: १ मिलिलिटर अभिकर्मकात ०.१ मिलिलिटर सीरम घातल्याने ते अकरापट विरळ होते, आणि ११ दशलक्षांना एनएडीएचच्या ६२२० या शोषणगुणकाने भागले की तोच आकडा येतो. मिनिटाला ०.०२ घसरण म्हणजे सुमारे ३५ एकके, आणि तेथवर नातेवाईक निर्धास्त असतात.

खरी मौज यकृत फारच बिघडले असता होते. क्रिया स्थिरावावी म्हणून यंत्र पहिले मिनिट थांबते, आणि तेवढ्यात काही हजार एकके विकर सारे एनएडीएच फस्त करते. मग घसरायला काही उरत नाही, आणि यंत्र निर्विकारपणे आदर्श आकडा छापते. जाणता तंत्रज्ञ पहिलाच शोषणांक संशयास्पद कमी असल्याचे हेरतो, सीरम सलाइनने दहापट विरळ करून पुन्हा लावतो, आणि रिपोर्टसाठी दारात उभ्या नातेवाइकांना चहा घेऊन यायला सांगतो.