परक्या देहांचा मुखत्यार

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या जळगाव जामोदात पूर्वी आळीआळीला एक नाटकवेडा असे आणि गणेशोत्सव जवळ आला म्हणजे पडदे, मिशा व तलवारी यांची उसनवारी करीत तो घरोघर हिंडे. त्याच नाटकवेड्याचा वंश आजही खुंटलेला नसून, फरक पडला तो एवढाच की सांप्रतचा वंशज मिशा न मागता सबंध माणसेच उसनी आणतो, आणि तीही अमेरिकेतून. गावात याला ‘डायरेक्टर’ म्हणतात. वय पंचविशीच्या आसपास, शिक्षण अभियांत्रिकीचे परंतु दोन विषय राहिलेले, व्यवसाय विचारल्यास वडिलांचे कृषी सेवा केंद्र, आणि खरा व्यवसाय विचारल्यास मौन.

व्हॉल्व्ह नामक कंपनीने आपल्या संगणकीय खेळांचे जाहिरातपट करण्यासाठी घडविलेले ‘सोर्स फिल्ममेकर’ हे अवजार 2012 साली जगास विनामूल्य देऊन टाकले, आणि त्या दानासोबत तिच्या खेळांतील पात्रांचे देहही, चित्रपटावर पैसा न कमावण्याच्या अटीवर, वाटेल त्याच्या कबजात आले. ही अट पाळताना आमच्या डायरेक्टराला कधीच अडचण पडलेली नाही.

याच अवजारावर त्याने करावयास घेतलेल्या चित्रपटाचे नाव ‘सातबारा’, लांबी तीन मिनिटे. ‘हाफ-लाइफ’चा नायक गॉर्डन फ्रीमन खेळात अवाक्षरही उच्चारीत नाही, सबब उताऱ्यासाठी आलेल्या अर्जदाराची भूमिका त्याच्याकडे, त्याच खेळातील जी-मॅन हा सूट घालून, हातात ब्रीफकेस घेऊन, भलत्याच अक्षरावर जोर देत सावकाश बोलतो आणि आपल्या मर्जीखेरीज कुणाचे काम पुढे सरकू देत नाही, म्हणून दफ्तराचा कारभार त्याच्याकडे, आणि ‘टीम फोर्ट्रेस 2’मधील हेवी हा अवाढव्य रशियन दाराशी शिपाई. पात्रयोजनेची अशी समज मी कित्येक नामांकित नाट्यसंस्थांतही पाहिलेली नाही.

मात्र उसना देह हुकमाचा ताबेदार नसतो. तो येतो तोच दोन्ही हात आडवे पसरून, आणि त्याच्या अंगातील एकेक हाड धरून फिरविल्याखेरीज हात खाली येत नाहीत. वडील बियाण्यांचा हिशेब पाहावयास आले की पडद्याकडे नजर टाकून म्हणत, “काहून रे, ह्या माणसाले हात खाली करता येत नाही का? तीन दिवसांपासून तसाच उभा हाय!” पुढे हात खाली आले तेव्हा ते टेबलातून आरपार गेले, आणि एकदा तर फायलींची जागा चुकल्यामुळे फ्रीमनच्या अंगावर जांभळ्या-काळ्या चौकड्या उमटल्या, तेव्हा “गोधडी मस्त हाय,” असा आजीने निर्वाळा दिला. कारकुनाने अर्जाकडे न पाहता पापणी कशी लववावी या एका प्रश्नावर डायरेक्टराने जेवढ्या रात्री खर्चिल्या, तेवढ्यांत राहिलेले दोन्ही विषय सुटले असते.

हिशेब पाहू गेल्यास सेकंदास चोवीस चित्रे, म्हणजे तीन मिनिटांस 4,320; आणि प्रत्येक चित्र तयार होण्यास एक मिनिट धरले तरी यंत्रास 72 तास अखंड चालणे प्राप्त. यंत्र मुळात दुकानाच्या बिलांसाठी घेतलेले. त्यातील महागडे ग्राफिक्स कार्ड ‘खतांच्या हिशेबाला लागते’ या सबबीवर मंजूर झालेले. सायंकाळी ‘रेंडर’ लावावे आणि पहाटे उठून पाहावे हा त्याचा क्रम. आमच्याच तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेस घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य कितपत हलले, पापड-करंजीचे काय झाले, यावरून वर्षाचे भाकीत सांगतात, वडीलही त्याच भाविकतेने विचारीत, “काय निंगालं आज?” बहुधा रात्री वीज गेली, एवढेच निघालेले असे. मृगाचा पाऊस पडून सोयाबीनच्या बियाण्यास रांग लागली असता यंत्र रेंडरमध्ये गुंतलेले, आणि पक्क्या बिलाकरिता खोळंबलेले शेतकरी पडद्यावर उताऱ्याकरिता खोळंबलेल्या फ्रीमनला पाहत उभे, हा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. त्याच्याविषयी त्यांना वाटलेली सहानुभूती खरी होती.

रांगेत भांडणाऱ्या बाईचा देह ‘हाफ-लाइफ’ मालिकेतील अ‍ॅलिक्सचा मिळाला, पण आवाज देण्यास गावात एकही मुलगी राजी होईना. 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळके यांस तारामती मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके हाती लागले, येथे आठवीतला मावसभाऊ लागला, आणि चित्रपट लांबता लांबता त्याचा कंठ फुटल्याने ही बाई पूर्वार्धात किनरी व उत्तरार्धात घोगरी बोलते.

अशातच 2024 च्या एप्रिलात निन्टेंडोच्या मागणीवरून, अशाच उसन्या पात्रांच्या ‘गॅरीज मॉड’ या खेळामधून त्या कंपनीच्या खेळांची सामग्री काढून टाकण्यात येऊ लागल्याची वार्ता आली. याच्या चित्रपटात निन्टेंडोचे चिटपाखरूही नव्हते. तरी जप्तीच्या धास्तीने त्याने आपल्या सर्व पात्रांच्या प्रती करून एक आत्याकडे नांदुऱ्यास ठेवविली.

अखेर चित्रपट पुरा झाला आणि दुकानात पोत्यांवर बसून मंडळींनी पाहिला. हशा यथास्थित झाला. एक सेवानिवृत्त तलाठी तेवढे हसले नाहीत. पडद्यावर क्षणभर दिसणारा उताऱ्याचा कागद त्यांनी थांबवून पाहिला आणि म्हणाले, “वरचा नमुना सात ठीक हाय. पण खालचा बारा कोराच? पिकाची नोंद नाही. पीकपाहणी कोनं केली?”

डायरेक्टर निरुत्तर झाला. त्याच रात्री पीकपाहणीचा नवा प्रसंग लिहिला गेला; परंतु बंदुका, राक्षस व अंतराळयाने यांनी भरलेल्या त्या अफाट कोठारात शोध शोध शोधूनही बोंडाला आलेली पऱ्हाटी सापडेना. ती स्वतःच घडविणे भाग होते. तेव्हापासून तो दिवस उजाडताच वावरात जातो, पट्टीने पाने मोजतो, बोंडांची छायाचित्रे घेतो. वडिलांनी हे दुरून पाहिले, गावभर सांगितले की पोरगं शेवटी मार्गाला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी फवारणीचा पंप त्याच्या पाठीवर चढविला.